हिरव्या काठाचं गाठोडं

आधी गाठोडं दिसलं, माणूस नंतर. धुळ्याच्या स्टँडवरून जळगावची गाडी सुटता सुटता एक बाई चढली. कंडक्टरनं कुरकुरत तिचं गाठोडं उचललं आणि पुढच्या सीटखाली सरकवलं. तीन रांगा मागे खिडकीशी बसलेल्या अभिमनच्या छातीत काहीतरी खटकन हललं. गाठोड्याच्या गाठीला एक पट्टी बांधलेली होती. लुगड्याचा काठ. कधीकाळी हिरवा असावा, आता उडून उडून मातकट झालेला, पण त्यावरची बारीक लाल रुईफुलं अजून कळत होती. पट्टी चांगली दोन वीत लांब, आणि मधोमध एक शिवण. बाईची पाठ त्याच्याकडे होती. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला, मान किंचित डावीकडे कललेली. ती कोण हे त्याला पट्टीवरून कळलं होतं. चेहरा बघायची गरजच नव्हती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. मांडीवर झेरॉक्सचे कागद होते. ते त्याने उगाच नीट केले, पुन्हा विस्कटले, पुन्हा नीट केले. दोन दिवसांवर आखाजी, खानदेशची अक्षय्य तृतीया, आली होती.

अभिमन धुळ्यात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. वय पंचेचाळीस, चष्मा जाड, आणि गेली नऊ वर्षं भेंडीवरच्या केवड्यानं झपाटलेला. खानदेशात भेंडीची पानं शिरांशिरांनी पिवळी पडली की शेतकरी म्हणतो, केवडा पडला, आणि झाडं उपटून बांधावर फेकतो. अभिमन तीच झाडं पिशवीत घालून घरी आणायचा. त्यापायी घरात त्याची पुरेशी टिंगल झालेली होती. मलमलीच्या जुन्या धोतराचे पिंजरे, त्यात पांढरी माशी, माशीच्या पोटातून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणारा विषाणू. विषाणू त्याने कधी पाहिला नव्हता. तो दाखवणारा सूक्ष्मदर्शक धुळ्यात कुठून येणार? त्याला फक्त पिवळी पानं दिसायची, आणि बाकीचं सगळं तो मनात बघायचा. पुण्यात संशोधन करणारा एक जुना विद्यार्थी अधूनमधून लेखांचे झेरॉक्स पाठवायचा. फोटो त्यात नुसते काळे डाग होऊन यायचे, तरी अभिमन त्या डागांकडे देवाच्या तसबिरीकडे बघावं तसा बघत बसायचा. आज जळगावच्या एका कॉलेजात प्राध्यापकांच्या उजळणी वर्गात त्याला याच कागदांवर बोलायचं होतं. गेले पंधरा दिवस तो त्या लेखांच्या अक्षरशः प्रेमात पडला होता.

किती साधी गोष्ट आणि किती अक्कल त्यात! पेशीच्या आत केंद्रक, त्याच्याभोवती दुहेरी पडदा, पडद्याला दोन-तीन हजार दारं. बारीकसारीक रेणू त्या दारांतून आपले आपण ये-जा करतात. मोठ्या प्रथिनाला मात्र एकट्यानं आत जाता येत नाही. त्याच्या अंगावर एक खूण लागते. ती खूण ओळखणारं दुसरं एक प्रथिन बाहेर फिरत असतं. ते खूण धरतं, आलेल्याला दारातून आत नेतं, आत सोडतं आणि पुढच्याला आणायला परत बाहेर येतं. सगळं अंग कुणी तपासत नाही, नुसती खूण बघतात. आणि विषाणूला तर स्वतःचं घरच नाही. त्याची प्रथिनं परक्या पेशीत, दाराबाहेर घडतात, आणि त्यांचं काम तर आत, केंद्रकात. मग ती काय करतात? घरच्यांची खूण अंगावर बाळगतात. माकडातल्या एका विषाणूचं सातशे अमिनो आम्लांचं, सातशे मण्यांच्या माळेसारखं प्रथिन, आणि त्यात खूण किती, तर अवघी सात. त्या सातांतलं तिसरं, तेवढं एकच, बदलून बघितलं, तर ते प्रथिन धडधाकट असून बाहेरच राहिलं. मग उलटही करून बघितलं. केंद्रकाशी ज्याचं काही देणंघेणं नाही अशा भलत्याच प्रथिनाला ती सात चिकटवली, तर ते बापडं थेट आत पोचलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अभिमनने जेवता जेवता मांडीवर थाप मारली होती, आणि लता, त्याची बायको, म्हणाली होती, "आता काय झालं? पुन्हा भेंडी?"

पण हे त्याला इतकं ओळखीचं का वाटलं, ते तेव्हा समजलं नव्हतं. आता गाडी मोहाडीच्या पुढे निघाली, पुढच्या सीटखालचं गाठोडं प्रत्येक खड्ड्याला उडायला लागलं, आणि त्याच्या मनात एक दार कुरकुरलं. सासरी गेलेल्या लेकीला आखाजीला माहेरी आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. मुऱ्हाळी आल्याशिवाय लेक निघत नाही. माहेर दोन कोसांवर असो की वीस, आपल्या पायांनी जाऊन दारात उभं राहणं शोभत नाही. अभिमनचं गाव नरडाण्याजवळ, आणि त्याची थोरली बहीण धुरपदा, त्याची अक्का, अमळनेरच्या पलीकडे बोरीकाठच्या खेड्यात दिलेली. पॅसेंजरनं अमळनेरहून नरडाण्याला उतरायचं, आणि तिथून घरची बैलगाडी. आखाजीच्या आदल्या दिवशी त्या गाडीतून निम्म्या खानदेशच्या लेकी उतरायच्या. फलाटावर नुसती गाठोडी आणि पदर. घरचा सालदार गडी उखर्डू गाडी घेऊन यायचा. त्याचे डोळे खुपरीनं अर्धे गेलेले, आणि घरच्या लेकीच्या तोंडाकडे टक लावून बघणं त्याला बरंही वाटायचं नाही. म्हणून मायनं युक्ती काढली होती. स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून तिनं अक्काच्या गाठोड्याला बांधला होता. उखर्डू तेवढी पट्टी बघायचा, गाठोडं डोक्यावर घ्यायचा, आणि मागून जे कुणी येईल ते गाडीत बसायचं.

एकोणसत्तर साली अभिमन अमळनेरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. नेमकी परीक्षा आखाजीत आली. मुऱ्हाळी म्हणून अक्काकडे जाणं जमेना, म्हणून त्यानं पोस्टकार्ड टाकलं, तू यंदा एकटीच ये, नरडाण्याला उखर्डू आहेच. मुऱ्हाळीनं जायच्या जागी पोस्टकार्ड धाडणारा मुलुखात तो पहिलाच असावा. अक्का निघालीच होती, पण ऐन वेळी तिची सासू तापानं फणफणली. मग अक्कानं जे केलं ते तिलाच सुचू जाणे. शेजारच्या घरातली सून बेबा तिची मैत्रीण. जन्मतानाच आई गेलेली, चुलत्यानं वाढवून उजवून टाकलेली. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिच्या दारी एकदाही मुऱ्हाळी आला नव्हता. अक्कानं आपल्या गाठोड्याची पट्टी सोडली आणि बेबाच्या गाठोड्याला बांधली. "मना वाटाना झोका तू खेळी ये," म्हणाली, आपल्या वाट्याचा आखाजीचा झोका तिला देऊन टाकला, आणि तिला पॅसेंजरमध्ये बसवून दिलं. नरडाण्याच्या फलाटावर उखर्डूनं पट्टी बघितली आणि गाठोडं उचललं. दोन कोस तो बैलांची, विहिरीची, गाभण गाईची हकीगत सांगत राहिला. मागे बसलेली बेबा दोन्ही हातांनी गाडीची खुंटी धरून सगळ्याला नुसतं हं हं करत राहिली.

दारात माय भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन उभी. तिनं तुकडा ओवाळून टाकला, खाली वाकून पायांवर पाणी घातलं, आणि मग मान वर केली. समोर परकी बाई. तेवढ्यात भाऊबंदातली सुंदरबाई काकू ओरडलीच, "वं ताईबाई, ही कोन? ही तं चोरटी शे! गाठोडं आक्कानं आनि बाई भलतीच!" बेबानं परत जायला गाडीकडे पाऊल वळवलं. मायनं एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा ओल्या पावलांकडे. मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मी पाय धोयात तिना. आते ती मनीच आंडेर शे. चाल माय घरमा." आंडेर, म्हणजे लेक. बस, एवढंच. बाकी चौकशी नंतर, ताटावर बसल्यावर. अभिमन परीक्षा देऊन घरी पोचला तेव्हा निंबाच्या झोक्यावर एक अनोळखी बाई उभ्यानं झोका चढवत होती, माय खालून "धीरे वं, धीरे!" म्हणून ओरडत होती, आणि ती बाई हसत होती. इतकं हसणारं माणूस त्यानं त्याआधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही.

पुढच्या आखाजीपासून अक्कानं पट्टीचे दोन तुकडे केले, वीतभर तिला, वीतभर बेबाला. अभिमन मुऱ्हाळी म्हणून जायचा आणि दोघींना घेऊन यायचा. अकरा वर्षं. बेबानं त्या घराचं काय घेतलं? सांजोऱ्या करायला बसली की शंभर करून उठायची. मायचं गुडघ्याचं दुखणं तिनंच तेल चोळून काढलं. सुंदरबाईच्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्रभर तीच बसली. एक्याऐंशीत कावीळ झाली आणि अक्का गेली. त्या वर्षी सुतकाची आखाजी, झोका नाही, गौराई नाही. पुढच्या वर्षी कुणी विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. अक्का गेली म्हणजे अमळनेरकडची वाटच मिटली, असं अभिमनच्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. अमळनेर स्टेशनावरून तो किती वेळा गेला असेल! खिडकीतून चहा घेतला असेल, पेपर घेतला असेल. आणि तिथून तीन कोसांवर एक बाई दर आखाजीला गाठोडं बांधून बसत असेल, हे त्याच्या मनाला चौदा वर्षांत एकदाही शिवलं नाही. पिवळ्या पानाची शीर न शीर बघणारा माणूस! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. कान तापले.

उठावं, तीन रांगा पुढे जावं, बेबाअक्का म्हणावं. एवढंच करायचं होतं. तो उठला नाही. काय सांगणार होता तो? कामात होतो? चौदा वर्षं? पारोळा आलं. बाई उठली, वाकून गाठोडं ओढलं, आणि उतरताना क्षणभर तिचा चेहरा दिसला. गाल बसलेले, कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत गेलेलं. तिनं मागे बघितलं की नाही, त्याला कळलं नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी त्यानं कागदात तोंड घातलं होतं. गाडी सुटली. खिडकीतून हिरवा काठ अमळनेरच्या गाड्या लागतात त्या बाजूला जाताना दिसला, मग एका उसाच्या गुऱ्हाळाआड गेला.

जळगावचं व्याख्यान चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. अभिमन रंगून बोलला. फळ्यावर त्यानं गोल काढला, गोलाला दारं काढली, आणि विषाणूच्या चातुर्याचं वर्णन करता करता हातातला खडू दोनदा मोडला. दरवर्षी तो वर्गात म्हणायचा, विषाणू म्हणजे चोर. आज ते वाक्य ओठांवर आलं आणि त्याला सुंदरबाई काकूचा आवाज ऐकू आला. तो थांबला, आणि म्हणाला, "याला चोर म्हणतात. झाडाचं वाटोळं करतो, ते खरंच आहे. पण त्यानं दार फोडलेलं नाही. घराची खूण घेऊन आला, आणि घरानं त्याला हाताला धरून आत नेलं. मला तर घराचंच कौतुक वाटतं. जे खूण ओळखतं ते संशय घेत बसत नाही." श्रोते हसले. मग त्यानं ते सातातल्या तिसऱ्याचं सांगितलं. मागच्या बाकावर चोपड्याकडचे एक म्हातारे प्राध्यापक डुलक्या घेत होते. त्यांनी डोळे उघडून हात वर केला. "सर, ते जे बाहेर राहिलं, खूण बिघडली म्हणून. धडधाकट आहे म्हणालात ना तुम्ही? त्याचं पुढे काय होतं?"

अभिमननं लेख चाळले. खरं तर पाठ होते त्याला ते. "तसं लेखात दिलेलं नाही," तो म्हणाला. "फोटो आहे फक्त. केंद्रक काळं, आणि भोवती सगळीकडे ते. नुसतं दारांभोवती." डोळे भरून आले, आणि चाळीस प्राध्यापकांसमोर हे भलतंच झालं म्हणून त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. आयोजकांनी लगबगीनं आभार मानले. बाहेर चहा आणि केळ्याचे वेफर होते. त्यानं चहा घेतला नाही. धुळ्याच्या गाडीची वेळ होती, पण त्याचे पाय बसस्टँडकडे वळलेच नाहीत. तो स्टेशनवर गेला आणि सुरतेकडच्या पॅसेंजरचं अमळनेरचं तिकीट काढलं. बाजारातून निदान सांजोऱ्या तरी घ्याव्या, मुऱ्हाळी रिकाम्या हाताने जात नाही, हे त्याला गाडी धरणगाव सोडल्यावर आठवलं. पिशवीत होते फक्त झेरॉक्स.

बोरीकाठचं ते गाव बदललं होतं. अक्काचं सासर त्यानं ओळखलं नाही, तिथं स्लॅबचं घर उभं होतं. पण शेजारचं घर तेच. अंगणात बेबा कुरडयांचा वाळवणाचा कपडा गोळा करत होती. उन्हं कलली होती. तिनं बघितलं, हातातला कपडा तसाच राहिला. अभिमन दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला.

"बेबाअक्का," तो म्हणाला. किती वर्षांनी ही भाषा तोंडात आली होती! "मी मुऱ्हाळी उनू. तुले लेवाले."

बेबा आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला. तो पाणी प्यायला.

"आज गाडीमा मी दखं तुले," ती म्हणाली. "धुयाले नातवाले दखाले गयथू. तू मांगे बठेल व्हता. कागदं वाची राहिंथा."

"मंग बोलनी का नही?"

"भाऊ, मुऱ्हाळीले आपुन हाक मारतस का?" ती सरळ म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "मुऱ्हाळी दारशी येस, मंग आपुन निंघतस. मी गाठोडं बांधी ठेवस दर आखाजीले. सून हासस. हासू दे."

"चौदा वरीस झायात."

"झायात ना," बेबा म्हणाली. "मले मालूम शे. बठ, भाकर टाकस. सकायनी गाडी शे."

माफी मागायची त्यानं गाडीत सगळी तयारी केली होती, वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. एवढी मोठी बाई आपल्याला भेटली, आणि आपण तिला चौदा वर्षं दाराबाहेर ठेवलं. तो ओट्यावर बसला. तिनं टाकलेली भाकर आणि ठेचा त्यानं लहान मुलासारखा मुकाट्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याला उतरले तेव्हा फलाटावर पदरांची आणि गाठोड्यांची गर्दी होती, पण उखर्डू नव्हता. तो जाऊन सात वर्षं झाली होती. अभिमननं वाकून गाठोडं उचललं आणि डोक्यावर घेतलं. "आवो, तू मास्तर माणूस!" बेबा म्हणाली, पण हसली. गावापर्यंत आता टमटम चालायची. वाटेत तो तिला उखर्डूसारखंच काहीबाही सांगत राहिला, भेंडीचं, पांढऱ्या माशीचं, पिंजऱ्यांचं, आणि ती हं हं करत राहिली. माकडातल्या विषाणूचंही त्यानं सांगितलं. सात मण्यांच्या खुणेचं ऐकून ती म्हणाली, "त्यास्ले बी मुऱ्हाळी लागस का?" आणि अभिमनला वाटलं, नऊ वर्षांत आपलं काम इतकं नीट कुणालाच कळलं नाही.

माय ओट्यावर बसलेली होती. पंच्याऐंशीच्या पुढची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधार एवढंच कळायचं. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान वळवली. अभिमननं गाठोडं तिच्यापुढे ठेवलं. "माय, आंडेरले लेई उनू," तो म्हणाला. मायनं विचारलं नाही, कोण. तिचे हात गाठोड्यावरून फिरले, गाठीपाशी आले, पट्टी सापडली. बोटं काठाच्या धाग्यांवरून हळूहळू पुढे गेली. वीतभर. शिवण लागली तशी थांबली. मग शिवणीपलीकडे, आणखी वीतभर.

"एक मनी शे," बेबा हलक्या आवाजात म्हणाली. "एक आक्कानी. जातीन तव्हय तिनी मना हातमा दिधी. मी शिवी लिधी."

मायनं पट्टी दोन्ही हातांत घट्ट धरली. मग भिंतीला हात टेकत उठली. आतून भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली, चाचपडत तुकडा ओवाळून टाकला, वाकली, आणि बेबाच्या पायांवर पाणी घातलं. तांब्या रिकामा झाला. अभिमन पुढे होऊन तो घ्यायला गेला, पण तिनं दिला नाही. ती पुन्हा आत गेली, रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज आला, भरला तांब्या घेऊन ती पुन्हा बाहेर आली आणि ओल्या पावलांशेजारी, रिकाम्या फरशीवर, तेवढंच पाणी घातलं.

"चाला वं," ती म्हणाली. "दोन्ही घरमा चाला."